पालथ्या बादलीवर बसलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

आज सकाळी सिस्टसच्या झुडपाला पहिलं फूल आलं. चुरगळलेल्या कागदासारख्या पाच पांढऱ्या पाकळ्या आणि प्रत्येकीच्या बुडाशी एकेक गडद किरमिजी डाग. तुमचे आभार तोंडी मानायला गेले तर दोन वाक्यांत गाडी अडेल, म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांदेखत लिहितेय, कारण हे झाड माझ्या हातून आधी दोनदा मेलंय तेही सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिलं झाड एका माळीबुवांनी छाटलं. 'बुडापर्यंत कापू, जोमानं फुटेल.' फुटलं नाही. सिस्टसच्या जुन्या लाकडाला नवी फूट सहसा येतच नाही, हे मला तुमच्याकडून कळलं. तोवर मी तीन महिने त्या खुंटांकडे आशेनं बघत होते. दुसऱ्याची पाकळी सकाळी उमले, दुपारी गळे. मी घाबरले. रोपवाटिकेत विचारलं तर उत्तर तयारच होतं: खत वाढवा, पाणी वाढवा. वर एक टॉनिकची बाटलीही हातात ठेवली. पानं पिवळी पडल्यावर पुन्हा गेले, तर 'तुम्हीच नीट काळजी घेत नसाल' हे ऐकून परत आले. काळजी! दोन वेळा बादली भरून ओतत होते मी.

तुम्ही आलात तेव्हा मी तिसरी बादली भरत होते. तुम्ही काहीच बोलला नाहीत. माझ्या हातातून बादली घेतलीत, पाणी पलीकडच्या आळ्यात ओतलंत, बादली पालथी घातलीत आणि तिच्यावर बसून झाडाकडे बघत राहिलात. चांगली दहा-पंधरा मिनिटं. काका, त्या झाडाकडे कुणी बसून बघितलं असं ते पहिल्यांदाच. बाकी सगळे उभ्याउभ्या निदान करून गेले होते. मग बुंध्याजवळची माती उकरून मूठभर माझ्या नाकाशी धरलीत. कुजका वास आला. तुम्ही म्हणालात, 'हे काही वाचत नाही आता. पण शेंडे जिवंत आहेत.' खोटा धीर दिला नाहीत, मला दोषही दिला नाहीत. त्या दिवशी रात्री मला रडू आलं, ते झाडासाठी नव्हतं.

मग तुम्ही बोलायला लागलात. हे भूमध्य समुद्राकाठच्या उजाड, खडकाळ टेकड्यांवरचं झुडूप. उन्हाळाभर तिथे पाऊस नसतो आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. जमीन निकस असली तर चालते, ओलं दलदलीचं बूड मात्र सोसत नाही. फूल मुळातच एका दिवसाचं, म्हणून गळलेल्या पाकळ्या नाही, उद्याच्या कळ्या मोजायच्या. उन्हात पानं चिकट होतात तो डिंक म्हणजे लॅब्डॅनम, अत्तरात पडतो; क्रीट बेटावर याच्या एका भावंडात चरून आलेल्या शेळ्यांच्या दाढ्या विंचरून तो गोळा करायचे. ही शेळ्यांची गोष्ट सांगताना तुम्ही स्वतःची दाढी विंचरून दाखवलीत. मेल्या झाडाशेजारी बसून मी हसत होते.

त्या शेंड्यांच्या पाच काड्या तुम्ही लावल्यात, तीन जगल्या. सगळं सांगत बसत नाही. एवढंच, की 'दुष्काळ सोसतं' म्हणजे पहिल्या दिवसापासून नाही, मूळ धरेपर्यंत त्यालाही पाणी लागतं, हे तुम्ही बजावलं नसतंत तर मी या खेपेला उलट्या टोकाला जाऊन तीही वाळवली असती. माझा स्वभाव तुम्ही झाडाइतकाच ओळखलात.

माहिती असलेली माणसं खूप भेटतात. समोरच्याच्या अंगणात पालथ्या बादलीवर बसायला वेळ असलेली कमी. तुम्हाला त्याचं काही विशेष वाटणार नाही, 'त्यात काय एवढं' म्हणाल. म्हणा.

उद्यासाठी चार कळ्या फुगल्यात. या, पण सकाळी या, दुपारनंतर पाकळ्या खाली असतील. झाडांनी आता मूळ धरलंय, त्यामुळे बादली पालथीच असते.

तुमची,
शेजारीण