चौथ्या अंकाचं काय झालं

लीड्स, रविवार

प्रिय बंड्या,

दीड वर्षात एक ओळ नाही, तेव्हा शिव्या आधीच मान्य. गुडघा बरा, साखर आहे तिथेच.

इथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात ‘रिलॅप्स’ नावाच्या फॅनझीनचे (म्हणजे चाहत्यांनी हौसेने काढलेलं छोटं नियतकालिक, आपलं होतं तसलंच) तीन अंक मिळाले. काढायचा बर्मिंगहॅमचा पीटर वेस्टन. २००६ साली सुरू केलं तेव्हा नाव होतं ‘प्रोलॅप्स’. (म्हणजे अवयव खाली घसरण्याचा आजार. हस, हस. त्यालाही कळत असणार.) विषय एकच, ब्रिटनमधल्या विज्ञानकथा-वेड्यांचा इतिहास. लेखकांचा नाही रे, वाचकांचा! कोण कोणाशी भांडलं, कोणी कुठला अंक कसा छापला. आणि म्हाताऱ्यांची पत्रंच पत्रं, एकमेकांच्या आठवणी दुरुस्त करणारी.

३ जानेवारी १९३७ ला इथेच, लीड्सच्या थिऑसॉफिकल हॉलात पंधरा-वीस जण जमले. त्यात एकोणीस वर्षांचा आर्थर क्लार्क, पुढे मोठा विज्ञानकथाकार झालेला. पहिलं विज्ञानकथा संमेलन ते हेच, असं इंग्रज म्हणतात. अमेरिकन म्हणतात, आम्ही ऑक्टोबर १९३६ मध्येच फिलाडेल्फियात भेटलो होतो. अजून मिटलेलं नाही. आपलं ‘अंकाची कल्पना कोणाची’ तसंच. माझी होती.

इथलाच एक रोझेनब्लूम. युद्धात कागदाची मारामार, तरी ‘फ्यूचरियन वॉर डायजेस्ट’ मिळेल त्या कागदावर काढत राहिला. ते वाचलं आणि आपला चौथा अंक आठवून झोपच उडाली.

तीस वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो की सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलींवर चहा तू सांडलास. तुझ्या लग्नातसुद्धा सांगितलं. आता डोळ्यांपुढे येतं ते वेगळंच: करेक्शनच्या लाल बाटलीचा नेलपॉलिशसारखा वास, अंत्याची बोंब, आणि कप माझ्या हातात. की हे मी परवा रात्री रचलं? वेस्टनची चूक काढायला गावोगावचे म्हातारे टपलेले असायचे. आपल्यातला अंत्या गेला, सर गेले. माझी चूक काढायला तू एकटा.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं ना? धाकटीला नोकरी लागल्याचं कळलं, पेढे उधार.

तर कप कोणाच्या हातात होता? फोन करू नकोस, फोनवर तू मला सांभाळून घेतोस. लिही. पत्राच्या बदल्यात अंक, असा फॅनझीनवाल्यांचा रिवाज आहे, म्हणून तीनातला एक आगाऊ पाठवतोय.

तुझा,
पक्या

ता. क. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ हिरवं होतं. त्यावर वाद नको.