पंक्चरवाले भाऊ, तो काटा मी जपून ठेवलाय

भाऊ, नमस्कार.

आम्ही तुम्हाला आठवतो की नाही, कोण जाणे. जानेवारीतल्या शनिवारी सकाळी भंडारदऱ्याहून घोटीकडे परतताना तुमच्या टपरीसमोर गाडी थांबवली होती. चारही टायर ठणठणीत. मी डिकीतून एक भलंमोठं निळं बोचकं ओढून काढलं आणि विचारलं, "याचं पंक्चर निघेल का?"

तुम्ही हसला नाहीत. "बघू द्या तर," एवढंच म्हणालात.

ती आमची हवेची कॅनोपी. अण्णा तिला मांडव म्हणतात. लोखंडी सांगाडा नाही, चार कोपऱ्यांना चार जाड खोळी, प्रत्येकीत प्लॅस्टिकची लांब ट्यूब. हवा भरली की मांडव आपोआप उभा राहतो, दोन माणसं हाताशी लागत नाहीत. मी एकटी असते, म्हणून घेतली. अण्णांना दोन वर्षांपूर्वी डाव्या अंगावरून वारं गेलं. वाकून तंबूत शिरणं आता त्यांच्याच्यानं होत नाही. या मांडवाखाली त्यांची चाकाची खुर्ची सरळ आत जाते आणि समोर पाणी दिसतं. त्यांचं मागणं फार नव्हतं. एक रात्र तळ्याकाठी बसायचं होतं.

पण एक खांब दर वेळी मध्यरात्री मान टाकायचा. पैसे मोजून घेतलेली वस्तू, म्हणून विकणाऱ्यांकडे दोनदा पाठवली. पहिल्यांदा त्यांनी ठिगळ मारलं, दुसऱ्यांदा नवी ट्यूब घातली. आठवडाभरात पुन्हा तेच. फोनवरच्या मुलीनं मला समजावलं, "मॅडम, थंडीत हवा आकसते." आकसते, खरंय. दुपारी तीस अंशांना सात पीएसआय दाबाची हवा भरली, तर पहाटे दहा अंशांना ती साडेपाचच्या आसपास येणार. तेवढ्यानं खांब जरा मऊ पडतो, भुईसपाट होत नाही. हे सांगितलं, तर ती म्हणाली, तुम्ही पंप नीट मारत नसाल. त्या शुक्रवारी रात्री परत तेच झालं. ओलं कापड अण्णांच्या अंगावर पडलं आणि मी अंधारात ते उपसत बसले. जिथं उतरलो होतो तिथले मालक टॉर्च घेऊन आले, बघितलं आणि मला म्हणाले, "पेशंटला कशाला आणता ओ असल्या ठिकाणी?" अण्णा समोरच होते. कान त्यांचे शाबूत आहेत.

म्हणून सकाळी आम्ही घरी निघालो होतो.

तुम्ही खोळीची चेन उघडून ट्यूब बाहेर ओढली, दोन बोटांत चुरगाळून पाहिली आणि म्हणालात, "हे रबर नाय. आपलं सोल्यूशन याला धरायचं नाय. याच्यासंगं काही आलं होतं का?" पिशवीच्या तळाशी ठिगळांचं पाकीट होतं, सील न फोडलेलं. दीड वर्षात मला ते दिसलं नव्हतं.

मग तुम्ही ट्यूबमध्ये हवा भरली आणि ती खांद्यावर टाकून गाडीपाशी गेलात. मागचं दार उघडं होतं, अण्णा पाय बाहेर सोडून बसले होते. तुम्ही त्यांच्यापुढं उकिडवे बसलात. "बाबा, गाल लावा बरं इथं. वारं लागलं की सांगा."

अण्णांनी आधी डावा गाल पुढं केला. त्या बाजूला त्यांना कमी जाणवतं. मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी स्वतःच मान फिरवून उजवा गाल टेकवला. तुम्ही ट्यूब इंचाइंचानं सरकवत राहिलात. रस्त्यावरून दोन ट्रक गेले, ते जाईपर्यंत थांबलात. अण्णांनी डोळे मिटले होते. मग उजवा हात वर आला आणि त्यांच्या त्या जड जिभेनं शब्द आला, "इथं."

तुम्ही तिथं थुंकी लावली. बुडबुडा आला.

"बरोबर आहे बाबा," तुम्ही म्हणालात, आणि खिशातला खडू काढून फुली मारली.

तुमच्या दारातलं पाण्यानं भरलेलं घमेलं मला मागाहून दिसलं. रोज त्यातच ट्यूब बुडवून बघत असाल. दोन मिनिटांचं काम होतं.

दोन वर्षांत अण्णांना कुणी काम सांगितलं नव्हतं, भाऊ. मीसुद्धा नाही. पाणी हवंय का, उशी देऊ का, झोपता का, एवढंच आम्ही विचारतो, आणि लोक तर तेही निम्म्या वेळा त्यांना न विचारता मला विचारतात. डॉक्टर मला, नातेवाईक मला, हॉटेलातला पोऱ्यासुद्धा मला, "यांना काय देऊ?"

पुढचं तुमच्या हातचं रोजचं काम, पण मी आ वासून बघत होते. व्हॉल्व्हपासून फुलीपर्यंत तुम्ही चार विती मोजल्या. तेवढ्याच विती रिकाम्या खोळीवर मोजल्या आणि आत हात घालून शिवणीवरून बोटं फिरवलीत. "हे बघा." बाभळीचा काटा. बाहेरून मोडलेला, आतून टोक शाबूत. म्हणजे जुन्या ट्यूबचाही तोच वैरी असणार. टायरच्या आत बोटं फिरवल्याशिवाय कुठलाही पंक्चरवाला नवी ट्यूब बसवत नाही. तिकडे इस्त्रीच्या शर्टात बसलेल्यांना एवढं सुचलं नाही. छापील कार्डावर 'ग्राहक आमचं दैवत' मात्र होतं.

अण्णांच्या औषधांच्या पेटीतल्या स्पिरिटनं पुसून ठिगळ लावलंत, अर्धा तास हवा भरू दिली नाहीत, तोवर चहा सांगितलात. पैसे विचारले तर शंभर म्हणालात आणि घेतलेत. ते मला फार आवडलं. नको नको केलं असतं, तर आम्ही पुन्हा बिचारे झालो असतो.

तुमच्याकडून गाडी मागं वळवली ती थेट तळ्यावर. मांडव उभा केला. अण्णा धरणाकडे बघून म्हणाले, "हे १९२६ चं. माझ्याहून एकवीस वर्षांनी मोठं, अजून पाणी धरून आहे." इतकं लांब वाक्य मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. पहाटे जाग आली तेव्हा ते अंगठ्यानं खांब दाबून बघत होते. जरासा मऊ होता, ताठ उभा होता. पंपाचे चार हात मारले, झालं.

आता मांडव टाकण्याआधी मी जागा खराट्यानं झाडते, खाली ताडपत्री घालते. भर उन्हात हवा गच्च भरत नाही, तापून फुगते. घरी आणला की गॅलरीत दोन दिवस वाळवते. दमट घडी घातली की बुरशी धरते, एक कोपरा तसा काळा झालाच आहे. "शिवण वाळली का?" हे रोज अण्णा विचारतात. तो त्यांचा विभाग आहे. काटा औषधांच्या पेटीतच, एका रिकाम्या डबीत ठेवलाय.

निघताना तुम्ही विचारलं होतं, असला एखादा टपरीपुढं लावला तर पावसाळ्यात चालेल का. मी घाईत होय म्हणाले. ते चुकलंच. छताला उतार कमी, तुमच्याकडच्या पावसात तासाभरात वर डबकं साचेल आणि खांब वाकतील. ताणाच्या दोऱ्या कितीही आवळा, वाऱ्याला तो उचलायला हलकाच. वर बारमाही उन्हात ठेवलं तर कापड कुजतं. तुमची ताडपत्री आणि बांबूच बरे. अण्णांनाही विचारलं. त्यांचंही म्हणणं तेच, फक्त मागचा बांबू बदला म्हणाले, तो कलला होता.