भिंतीतल्या चार इंची पडद्यासाठी सरांचे जाहीर आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आपण मोबदला घेतला नाहीत आणि समोर आभार मानायला लागलो की विषय बदलता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आमच्या दिवाणखान्यात दाराशेजारी, आईचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर घरातले दिवे आणि मोटर चालवणारा जो चार इंची टचस्क्रीन बसला आहे, तो आपण तीन रविवार आमच्यासाठी खर्च केलेत म्हणून बसला.

घरातले दिवे, पंखे आणि टाकीची मोटर मोबाइलवरून चालावी अशी व्यवस्था मी पूर्वीच केली होती. पण त्या स्विचना दिलेली प्रत्येक आज्ञा आधी कंपनीच्या दूरच्या सर्व्हरकडे जाई आणि तिथून घरात परत येई. गेल्या जुलैत मी मुंबईहून मोटर चालू केली आणि काही मिनिटांतच, रत्नागिरीच्या त्या पावसात झाड कोसळून आमच्या गल्लीतली इंटरनेटची फायबरची तार तुटली. मोटरचे भिंतीवरचे बटण मी काढून टाकले होते आणि आईकडे स्मार्टफोन नाही. टाकी वाहत राहिली, आणि शेवटी शेजाऱ्यांना बोलावून तिला मेन स्विच बंद करून घ्यावा लागला. ७६ वर्षांच्या बाईला स्वतःच्या घरातली मोटर बंद करता येऊ नये, याचे मला आजही फार वाईट वाटते.

भिंतीवर एक टॅबलेट लावावा, असा विचार घेऊन मी आपल्याकडे आलो होतो. सतत चार्जिंगवर राहिलेली टॅबलेटची बॅटरी उष्णतेने फुगू शकते, हे आपण सांगितलेत. पण त्याआधी विचारलेत, ‘‘इंटरनेट नसेल तेव्हा हा पडदा कोणाशी बोलणार?’’ पुढचे सगळे काम या एका प्रश्नातून उभे राहिले. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर घरातली उपकरणे सांभाळणारे होम असिस्टंट आणि त्यांच्यात निरोपांची देवघेव करणारा मॉस्क्विटो ब्रोकर बसला, जुने स्विच जाऊन टास्मोटा हे खुले सॉफ्टवेअर चालणारे रिले, म्हणजे आज्ञेवर चालू-बंद होणारे स्विच, आले, आणि राउटरसह हे सारे इन्व्हर्टरवर गेले. हा ब्रोकर वापरतो ती एमक्यूटीटी ही निरोप पोहोचवण्याची पद्धत १९९९ साली तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी तयार झाली, त्यामुळे कमकुवत आणि तुटक जोडणी गृहीत धरूनच तिची रचना झालेली आहे, हे आपण चहा घेता घेता समजावलेत. कोकणातल्या पावसाळ्यासाठी याहून योग्य आधार मला तरी सुचला नसता.

पडद्यासाठी माझ्याकडे ईएसपी३२ या छोट्या वायफाय चिपचा साधा बोर्ड होता. आपण कागदावर गुणाकार केलात: ४८० गुणिले ४८० ठिपके, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे एका पूर्ण चित्राला ४,६०,८०० बाइट, आणि त्या चिपची सगळी अंतर्गत रॅम ५२० किलोबाइट, म्हणजे बाकी कामांना जेमतेमच उरणार. म्हणून आपण जादा पीएसरॅम (वाढीव स्मृती) असलेला ईएसपी३२-एस३ बोर्ड घ्यायला लावलात आणि माझे पैसे व वेळ दोन्ही वाचवलेत.

सर्वांत जास्त ऋणी मी एका शिकवणीसाठी आहे. मी लिहिलेल्या पहिल्या आवृत्तीत बटण दाबताच पडद्यावरचा दिवा पिवळा होई, खोलीतला दिवा लागो वा न लागो. आपण ते खपवून घेतले नाहीत. पडद्याने आज्ञा पाठवावी आणि मग वाट पाहावी. रिलेने ‘मी चालू झालो’ असे कळवले तरच रंग बदलावा. रिलेची शेवटची स्थिती ब्रोकरने राखून ठेवावी, म्हणजे वीज जाऊन आल्यावरही पडदा खरे तेच दाखवील. आणि एखादा रिले जोडणीतून गळाला तर त्याचे बटण करडे व्हावे, असा आपला आग्रह होता. त्यासाठी आपण दुसरा रविवार जवळजवळ पूर्ण दिलात. आईचा या पडद्यावर आज जो विश्वास आहे, तो या शिस्तीमुळेच आहे, असे मी खात्रीने म्हणतो.

मोटरच्या बाबतीतही आपण घाई करू दिली नाहीत. सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून छोट्या रिलेवर तिचा थेट भार न टाकता रिलेने कॉन्टॅक्टर, म्हणजे जड भार पेलणारा मोठा स्विच, चालवावा. एमसीबी पाडून, टेस्टरने खात्री करूनच हात घालावा. पडद्याची ५ व्होल्टची तार २३० व्होल्टच्या तारांपासून वेगळ्या पाइपातून न्यावी. आणि भिंतीवरची जुनी बटणे पुन्हा बसवावीत. शेवटची सूचना मी पूर्वीच ऐकायला हवी होती.

मग अक्षरांचा प्रश्न आला. बटणांवर मराठीच हवे, असा आईचा हट्ट होता. पण मी वापरलेल्या आवृत्तीतली पडद्यावर अक्षरे काढणारी ग्राफिक्स लायब्ररी देवनागरीची जुळणी करत नव्हती. ‘दिवा’मधली वेलांटी द-च्या आधी न येता नंतर जाऊन बसे आणि ‘स्वयंपाकघर’मधला स्व फुटून पाय मोडलेला स आणि सुटा व दिसे. इंग्रजी नावे टाकून मोकळे व्हावे, असे मी सुचवले, तेव्हा आपण नकारार्थी मान हलवलीत, आणि तिसऱ्या रविवारी येताना सगळी नावे संगणकावर नीट जुळवून, चित्रे म्हणून साठवून घेऊन आलात. ‘देवघर’, ‘माजघर’, ‘मागचे अंगण’, ‘मोटर’ अशी ती ठसठशीत अक्षरे आई चष्म्याशिवाय वाचते.

परवा दुपारी पुन्हा इंटरनेट गेले. मी मुंबईत होतो, मला ते कळलेही नाही. संध्याकाळी आईचा फोन आला तो टाकी भरून मोटर बंद केल्याचे सांगायला, आणि ‘ओटीवरचा दिवा’ हे बटण अजून राहिले आहे, ते सरांना आठवणीने सांग, म्हणून बजावायला. ते सांगण्यासाठी येत्या रविवारी आपल्याकडे येतो आहे. या वेळी चहा आमच्याकडे घ्यावा, ही आईची विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
गल्लीतला एक शेजारी