वाचताना येतं, पेपरात आठवत का नाही?

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

"वाचताना सगळं येतं, पेपर हातात आला की डोकं कोरं होतं. माझी स्मरणशक्तीच कमी आहे," असं तू परवा फोनवर म्हणालीस. पहिलं खरं आहे, दुसरं नाही. तुझी उजळणीची पद्धत चुकते आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुस्तक समोर असताना मजकूर ओळखीचा वाटतो. चौथ्या वाचनात डोळे ओळींवरून सरसर जातात आणि वाटतं, आलं! पण ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर आठवून काढणं वेगळं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा चार सत्रांत फक्त वाचला; काहींनी एका सत्रात वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 40 टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आदल्या रात्रीचं वाचन इतकं भरवशाचं का वाटतं, ते त्या पाच मिनिटांत आहे.

आता तुझ्या जीवशास्त्रातलं क्रेब्ज चक्र घे, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा मिळवणाऱ्या अभिक्रियांचं चक्र. एकदा नीट समजून वाच, पुस्तक मीट, दहा मिनिटं दुसरं काही कर आणि मग कोऱ्या कागदावर सायट्रेटपासून ऑक्झॅलोअॅसिटेटपर्यंत चक्र काढ. अडलीस तरी लगेच पुस्तक उघडू नकोस. मिनिटभर झगड, कारण त्या धडपडीनेच ते पक्कं होतं. नंतर लाल पेनाने दुरुस्त कर. बहुधा नावं येतील आणि काय कुठे बाहेर पडतं तिथे घोळ होईल: एका फेरीत ऊर्जा वाहून नेणारे रेणू, म्हणजे तीन एनएडीएच, एक एफएडीएच2, एक जीटीपी, आणि शिवाय दोन कार्बन डायऑक्साइड. एफएडीएच2 सक्सिनेटचं फ्युमरेट होताना मिळतो, हे हमखास सुटतं. पुढच्या वेळी अख्खं चक्र वाचत बसू नकोस, लाल झालेल्या जागाच पाहा आणि पुन्हा काढ.

हे एकदा करून भागत नाही. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विस्मरण सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. पाठ केलेली निरर्थक अक्षरं दिवसाभराने पुन्हा पाठ करताना त्याचे जेमतेम एक तृतीयांश श्रम वाचत. अर्थ कळलेला धडा इतक्या लवकर जात नाही, पण पहिली उजळणी दुसऱ्या दिवशीच हवी. मग चौथ्या दिवशी, दहाव्या दिवशी, महिन्याने. एका बैठकीत तीन तास घालवण्यापेक्षा तेच तीन तास असे विखुरलेले जास्त टिकतात.

विसरण्याचं आणखी एक कारण म्हणजे सारख्या गोष्टींची सरमिसळ. प्रोफेज 1 मध्ये, म्हणजे अर्धसूत्री पेशीविभाजनाच्या पहिल्या अवस्थेत, क्रॉसिंग ओव्हर (गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) पॅकिटीन या टप्प्यात होतं आणि कायाझ्मा (त्या अदलाबदलीच्या जागचे जोड) दिसतात डिप्लोटीन या पुढच्या टप्प्यात. तुझी इथेच गल्लत होते. असे जोडीचे मुद्दे समोरासमोर लिही, फरक एका ओळीत मांड. जीवशास्त्राची गणितं आणि आकृत्यासुद्धा एकाच प्रकारच्या सलग न सोडवता मिसळून सोडव. पेपरात कुठल्या धड्याचा प्रश्न आहे ते कुणी सांगत नाही.

सुट्या मुद्द्यांसाठी कार्डं कर: पुढे प्रश्न, मागे उत्तर, एका कार्डावर एकच मुद्दा. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलेलं परत पहिल्या. पहिलं खोकं रोज, दुसरं तीन दिवसांनी, तिसरं आठवड्याने.

अभ्यासाला बसताना फोन दुसऱ्या खोलीत ठेव. मुळात लक्षच गेलं नसेल तर आठवायला काही नसतं. आणि झोप तोडू नकोस, बाळा. दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत चालतं. रात्री दोनपर्यंत जागून मिळवलेले तास सकाळच्या पेपरात दुप्पट परत द्यावे लागतात.

या आठवड्यात फक्त क्रेब्ज चक्र आणि प्रोफेज 1 या पद्धतीने कर. रविवारी फोन केलास की प्रोफेजचे पाचही टप्पे मला न बघता सांग.

तुझी,
आई