गिटार गप्प झाली तेव्हा

प्रिय मित्रा,

लिहीन लिहीन म्हणत बरेच दिवस गेले. गेला महिनाभर मी गिटार हिरो हा व्हिडिओ गेम खेळतोय, तोच २००५ साली प्लेस्टेशन २ वर आलेला. प्लास्टिकची गिटार असलेला जुना सेट हाताला लागला म्हणून सहज सुरू केला. आता रोज रात्री तासभर तेच चालू असतं आणि खेळताना तूच डोक्यात येतोस.

गेम कसा आहे सांगतो. गिटारच्या गळ्यावर पाच बटणं, हिरवं लाल पिवळं निळं नारिंगी, आणि तारा छेडायच्या जागी एक पट्टी. स्क्रीनवर रंगीत नोट्स आपल्याकडे सरकत येतात, डाव्या हाताने त्या रंगाचं बटण आधीच धरून ठेवायचं आणि नोट खालच्या रेषेवर आली की नेमकी तेव्हाच उजव्या हाताने पट्टी मारायची. इझी या सगळ्यात सोप्या पातळीला तीनच बटणं, मीडियमला चार, तिथवर मजेत गेलो. हार्डला नारिंगी आलं आणि अडकलो. बोटं चार आणि बटणं पाच, म्हणजे हात सरकवावाच लागतो, तोसुद्धा न बघता कारण नजर स्क्रीनवरून काढली की गेलंच, आणि करंगळी एकटी हलवायला गेलो की शेजारचं बोट पण उठतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. नोट चुकली की गेम गिटारचा आवाजच बंद करतो. ड्रम चालू, गाणारा चालू, फक्त गिटार गायब. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी थांबून नुसता ऐकत राहिलो रे. इतक्या वर्षांचं ओळखीचं गाणं एकदम पोकळ वाटायला लागलं. गायकाच्या दोन ओळींच्या मधे काय भरलेलं असतं ते मला ते गेल्यावर कळलं. मी आजवर गाणं म्हणजे आवाज आणि शब्द एवढंच धरत होतो.

आणि हे सगळं फक्त पाच बटणांवर. तुझ्या गिटारला सहा तारा, गळ्यावर वीसच्या वर फ्रेट (धातूच्या आडव्या पट्ट्या), म्हणजे बोट ठेवायला शंभराच्या वर जागा, त्यात दाब कमी पडला तर तार झरझरते, बोट जरा कलंडलं तर शेजारची तार मुकी होते, बेंड करताना, म्हणजे तार ओढून सूर चढवताना, तो कुठे थांबवायचा ते फक्त कानाने ठरवायचं. बार कॉर्डला तर एकट्या तर्जनीने सगळ्या तारा दाबून धरायच्या. आणि समोर नोट्स सरकवणारं कोणी नाही.

परवा ब्लॅक सबाथ या रॉक बँडचा गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्याबद्दल वाचलं. कारखान्यात मशीनमध्ये दोन बोटांची टोकं तुटली, तीही तारा दाबायच्या हाताची, आणि त्याने प्लास्टिक वितळवून टोपणं केली, ती बोटांवर चढवून वाजवत राहिला. महिनाभरापूर्वी वाचलं असतं तर अरेरे म्हणून पुढे गेलो असतो. आता स्वतःच्या बोटांकडे बघत बसलो.

गेम खेळून गिटार येत नाही, ते खरंच आहे. मला ऐकायला मात्र यायला लागलं, आता कुठलंही गाणं लागलं की कान आधी गिटार शोधतो.

तुला आठवतं का, तू एकच तुकडा तासभर घोळवत होतास आणि मी म्हटलं, झालं की आता, चांगलं वाजतंय, बस कर. तू काही बोलला नाहीस, गिटार ठेवून दिलीस. मी आता गेममधल्या एका सोलोचा, म्हणजे एकट्या गिटारच्या भागाचा, जेमतेम आठ सेकंदांचा तुकडा चार दिवस घोकतोय, हात अजून तिथेच अडखळतो, आणि मधे कोणी हाक मारली तरी राग येतो. त्या दिवसासाठी सॉरी, मनापासून.

भेटलास की तोच तुकडा वाजव. आधी सावकाश, मग तुझ्या स्पीडने, हवा तितक्या वेळा. मी तुझ्या डाव्या हाताच्या बाजूला बसणार आहे.

तुझाच,
मित्र