तंबाखूच्या लाभांशाला खरा धोका कराचा

महोदय,

आपल्या अर्थविषयक पानावरील लेखात तंबाखू कंपन्यांचे शेअर घेताना अमेरिकेतल्या खटल्यांचा धसका घ्यायला सांगितले आहे. तिथे १९९८ च्या तडजोडीत कंपन्यांनी ४६ राज्यांना २५ वर्षांत २०० अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कबूल केली खरी, पण दरसालचा हप्ता विक्रीच्या प्रमाणात ठरत असल्याने त्यांनी पाकिटाचा भाव वाढवून तो ओढणाऱ्याकडूनच वसूल केला. फ्लोरिडातला २००० सालचा १४५ अब्ज डॉलरचा दंड २००६ मध्ये तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. (कॅनडात मात्र तीन कंपन्यांवर ३२.५ अब्ज कॅनेडियन डॉलरचा बोजा पडला, तेव्हा खटले अगदीच फुसके नसतात.)

आपल्याकडे दणका बसतो तो कराचा, आणि एका रात्रीत. जुलै २०१७ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटवरचा सेस (जीएसटीच्या वरचा जादा कर) वाढवला. दुसऱ्याच दिवशी आयटीसी या सिगारेट कंपनीचा शेअर १२ टक्क्यांहून अधिक आपटला. १ फेब्रुवारी २०२६ पासून ४० टक्के जीएसटी, शिवाय हजार सिगारेटींमागे लांबीनुसार २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क. सगळी वाढ किमतीत घातली तर गिऱ्हाईक चोरट्या मालाकडे वळते, न घालावी तर नफा जातो.

पेठांतल्या निवृत्तांनी एफडी मोडण्याआधी एवढा हिशेब कागदावर मांडावा. आयटीसीचा २०२४-२५ चा लाभांश शेअरमागे १४.३५ रुपये. भाव ३५० धरला तर परतावा ४.१ टक्के. नफ्यातला तीन चतुर्थांश वाटा सिगारेटचा धरा आणि त्यात २० टक्के घट. एकूण नफा १५ टक्क्यांनी खाली. कंपनी नफ्यातला बहुतेक भाग दरवर्षी वाटूनच टाकते, त्यामुळे लाभांशही तेवढाच घसरून १२.२० वर येईल. परतावा साडेतीन, ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये कर भरून हाती जेमतेम २.४. हे पटत नसेल तर भाव आणखी उतरेपर्यंत थांबावे. भाव पडला की परताव्याची टक्केवारी आपोआप फुगते, एवढ्यावरून शेअर स्वस्त ठरत नाही.

विशेष लाभांशही वेगळा काढावा. २०२२-२३ चे १५.५० रुपये पाहून पुढच्या वर्षीचे १३.७५ कमी वाटतात. पण त्या १५.५० मध्ये २.७५ एकदाच मिळालेले होते. नेहमीचा लाभांश १२.७५ वरून वाढलाच होता.

आणि रेकॉर्ड डेटच्या (त्या दिवशी ज्याच्या नावावर शेअर, त्यालाच लाभांश) आदल्या दिवशी शेअर घेऊन लाभांश पदरात पाडायची लेखातली युक्ती? दुसऱ्या दिवशी भाव साधारण तेवढाच उतरून उघडतो, वर मिळालेल्या लाभांशावर कर भरायचा तो वेगळाच.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे