चंद्रपूरहून नानास

प्रिय नाना,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. ‘नदी माती आणते, टाकते, थर साचतो. त्यात जन्मभर संशोधन करण्यासारखं काय आहे?’ असं विचारलंस आणि वर वहिनींनाही हाच प्रश्न पडलाय म्हणून त्यांच्यावर ढकलून मोकळा झालास. फोनवर सांगून संपायचं नाही, म्हणून लिहायला बसलो.

नदी गाळ आणते हे खरंच, पण तो राहायला जागा लागते. वर्धा, पैनगंगा दर पावसाळ्यात आणतात तो गाळ थोडे दिवस पात्रात अडकतो, पुढच्या पुरात उचलला जातो आणि शेवटी गोदावरीतून समुद्राला मिळतो. तो इथेच टिकायचा तर खालची जमीन खचत राहायला हवी. खचली की जागा झाली, तिथे गाळ बसला, त्यावर पुढचा आला, खालचा झाकला गेला. अशी हळूहळू खचत जाणारी जमीन म्हणजे आमचं गाळाचं खोरं. चाचपतो तो गाळ. शोधत असतो ते खचणं. केव्हा, किती वेगानं, कुठल्या अंगानं.

माझं प्राणहिता-गोदावरी खोरं असंच. दोन्ही बाजूंना जुना, टणक खडक आणि मध्ये प्रस्तरभंगांनी (खडक सरकलेल्या भेगांनी) खाली सोडलेला सुमारे 400 किलोमीटर लांबीचा पट्टा. चंद्रपूर-वणीकडून निघून सिरोंच्यावरून आंध्रच्या किनाऱ्याकडे गेलेला. थरांची एकूण जाडी काही किलोमीटर भरते. पण गंमत बघ, यातला जवळजवळ प्रत्येक थर उथळ जागेतला आहे: नदीची वाळू, दलदल, तळं. घुग्घुस-बल्लारपूरचा कोळसा म्हणजे दलदलीत कुजलेली झाडं, आणि दलदल पाण्याच्या पातळीलाच असते. मग ती आज शेकडो मीटर खाली कशी? खड्डा आधी तयार होता आणि नंतर भरला, असं झालेलं नाही. तो भरत असतानाच खोल होत गेला.

वाळूच्या खडकात तिरप्या रेघा असतात. वाळू ज्या दिशेनं वाहत गेली, तिकडे त्या कललेल्या असतात. ब्रन्टन (आमचं खिशातलं होकायंत्र) लावायचा, दिशा वहीत टिपायची, पुढच्या कड्याकडे चालू लागायचं. काम कंटाळवाणं आहे, खोटं कशाला सांगू. पण सगळ्या नोंदी एकत्र मांडल्या की कळतं, त्या काळच्या नद्या साधारण उत्तरेकडे, वायव्येकडे वाहत होत्या. आजची प्राणहिता दक्षिणेला जाते! खोरं तेच आणि पाणी उलटं. ही गोष्ट आमच्या आधीच्या पिढीनं कधीच दाखवून ठेवली आहे, तरी मला प्रत्येक वेळी नवीनच वाटते.

आता तळाशी जाऊ. चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला पैनगंगेकाठी इरई म्हणून गाव आहे (नदी नव्हे, गाव). तिथे चुनखडीवर समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर लहानमोठ्या गोट्यांचा, कसलीही निवड न झालेला थर. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकानं 1875 मध्येच याबद्दल लिहिलं. ओरखडे हिमनदीचे. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी आपला प्रदेश अंटार्क्टिकाला चिकटून दक्षिणेत होता, त्या थंडीतले. मेमध्ये चंद्रपूरचा पारा 45च्या पुढे जातो तेव्हा हे सांगितलं की मजूर हसतात. मला मात्र ओरखड्यांपेक्षा दोन थरांमधली रेघ जास्त छळते. खालची चुनखडी आणि वरचा हिमगाळ यांच्यात कोट्यवधी वर्षं गेली, आणि त्यांची खूण म्हणजे फक्त ती रेघ. त्या काळात इथे काय काय घडलं असेल. पण जमीन खचत नव्हती, म्हणून काही उरलं नाही.

उरलं ते कसं उरतं, हे सिरोंच्याजवळच्या कोटा गावाच्या नावाच्या थरात दिसतं. तळ्यातली चुनखडी, त्यात मासे, आणि पलीकडे तेलंगणात त्याच थरात बारापासॉरस टागोराय हा डायनोसोर. हाडं खोदली ते 1961 हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचं वर्ष, म्हणून ते नाव. सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनोसोर, हे तिचे संस्थापक महालनोबिस यांनाच सुचावं! अनेक प्राण्यांची मिळून सुमारे 300 हाडं सापडली, कवटी मात्र एकाचीही नाही.

माझं रोजचं काम याहून रुक्ष आहे. एका बोअरचा कोअर (भोकातून काढलेला खडकाचा दांडा) दुसऱ्याशी जुळवायचा. इथला वालुकाश्म चार किलोमीटरवर शेल (चिखलाचा खडक) होतो, कोळशाची शीर दुभंगते किंवा विरून जाते. कुलपाच्या चार भोकांतून डोकावून वाड्यात माणसं किती ते सांगायचं, तसला प्रकार. त्यात ‘कामठी’ हे नाव कुठल्या थरांना लावायचं यावर जाणत्यांचं अजून एकमत नाही. सेमिनारमध्ये त्यावरून चहा थंड होतो. आणि सगळ्यात सुंदर छेद दिसतात ते उघड्या खाणींत, जिथे पुढच्या वेळी जावं तर त्यावर मातीचा ढिगारा. खाणीशिवाय ते दिसले नसते, हेही तितकंच खरं. त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची?

तू पुण्यात बेसाल्टवर बसला आहेस. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या लाव्हानं माझ्या खोऱ्याचं वायव्य टोक झाकून टाकलंय. कोयनेजवळ खोल ड्रिलिंग झालं तेव्हा बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट-नीस हा जुना, टणक खडक लागला, म्हणजे तिकडे खोरं नाही. नागपूरच्या बाजूला मात्र बेसाल्टखाली कोळसा लागतो. मग दोन्हींच्या मध्ये कडा कुठे आहे? पुढची काही वर्षं मी हेच करणार आहे: गुरुत्वाचे नकाशे (खालचा खडक जड की हलका ते सांगणारे), जुने बोअर लॉग (बोअरमध्ये काय लागलं त्याच्या नोंदी), मिळालाच निधी तर एखादा नवीन बोअर.

डिसेंबरात ये. आधी इरईला जाऊ, मग सिरोंच्याला. रस्ता वाईट आहे, तेव्हा कंबरपट्टा आण. वहिनींना नमस्कार, आणि प्रश्न त्यांचा नव्हता हे मला ठाऊक आहे, एवढं सांग.

तुझा,
दगडफोड्या